मीटर रीडिंग ॲप: सेव्ह झालं पण अपलोड होत नाही, फोटो रिजेक्ट होतात, रीडिंग मागच्यापेक्षा कमी दाखवतंय, यावर काय करायचं

रीडिंगची सायकल सुरू झाली की दर महिन्याला तेच फोन येतात. "दादा दिवसभर फिरून रीडिंग घेतलं, ॲपमध्ये सगळं सेव्ह दिसतंय, पण ऑफिसवाले म्हणतात अर्धंच आलंय." मी सातारा जिल्ह्यात वीज मीटर रीडिंगच्या पोरांचं काम बघतो, गावठाण, वाड्या-वस्त्या, बाजारपेठेतली दुकानं, अपार्टमेंट असं सगळं मिसळून असतं, आणि मोबाईलवरच रीडिंग होतं. ॲप एजन्सीप्रमाणे बदलतं, बटणांची नावंही वेगळी असतात, पण आतलं काम सगळीकडे जवळपास सारखंच असल्यामुळे खाली लिहिलेलं बहुतेकांना लागू पडेल. पाणी मीटर किंवा पाइप गॅसचं रीडिंग घेणाऱ्यांनाही यातलं बरंच कामाचं आहे.

आधी हे समजून घ्या की सेव्ह आणि अपलोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सकाळी तुम्ही एमआर, म्हणजे त्या दिवशीच्या मीटरची यादी, डाऊनलोड करता तेव्हा रूट, सिक्वेन्स, १२ आकडी ग्राहक क्रमांक, मीटर नंबर, मागचं रीडिंग हे सगळं फोनमध्ये उतरतं, म्हणून तर रेंज नसतानाही रीडिंग टाकता येतं. तुम्ही सेव्ह दाबलं की रीडिंग, स्टेटस, फोटो, लोकेशन आणि वेळ फोनमध्येच एका जागी जमा होतं. तिथून सर्व्हरला जायचं काम नंतर होतं, आणि तेही बऱ्याच ॲपमध्ये दोन टप्प्यांत, आधी आकडा जातो आणि मग फोटो. आकडा गेला पण फोटो अडकला तर काही सिस्टीममध्ये ते रीडिंग आलंच नाही असं धरतात. म्हणजे ॲपमध्ये खूण दिसली याचा अर्थ एवढाच की फोनने घेतलं. पेंडिंगचा आकडा शून्य झाला तरच ते पोचलं.

आणि हे न पोचलेलं रीडिंग शेवटी कुणाच्या डोक्यावर बसतं तर ग्राहकाच्या. रीडिंग पाठवायच्या मुदतीच्या आत आलं नाही की बिलावर आरएनए (रीडिंग उपलब्ध नाही) नाहीतर आरएनटी (रीडिंग घेतलं नाही) छापून सरासरी युनिटचं बिल जातं, आणि घरातली माणसं म्हणतात "तुमचा माणूस आलाच नाही". माणूस तर उन्हात तिथे जाऊन आलेला असतो, फोटोही काढलेला असतो, सगळं फोनमध्येच पडून. केंद्राच्या २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांप्रमाणे एका आर्थिक वर्षात दोनपेक्षा जास्त अशी तात्पुरती बिलं काढता येत नाहीत, आणि आपत्तीचं कारण नसताना दोन सायकलच्या पुढे तसंच चालू राहिलं तर प्रत्यक्ष रीडिंगचं बिल येईपर्यंत ग्राहक पैसे भरायला नकार देऊ शकतो. त्यामुळे "जाऊ दे, पुढच्या महिन्यात येईल" हे बोलायचं नाही.

अपलोड अडकलं की पहिली गोष्ट, काहीही पुसू नका. सेटिंग्जमध्ये ॲपच्या आत 'क्लिअर कॅशे' आणि 'क्लिअर डेटा' ही बटणं शेजारी-शेजारी असतात, काही फोनमध्ये दुसऱ्याला 'क्लिअर स्टोरेज' म्हणतात. कॅशे पुसली तर सहसा काही बिघडत नाही, पण डेटा पुसला की दिवसभराची न गेलेली रीडिंग गेली, आणि ती कुठल्याही सॉफ्टवेअरने परत आणायच्या भानगडीत पडू नका, मिळत नाहीत. अनइन्स्टॉल केलं तरी तेच होतं. फोन साफ करणारी, रॅम वाढवतो म्हणणारी जी ॲप असतात ती कामाच्या फोनवर नकोतच.

यातच एक फसवी जागा आहे. एजन्सीकडून नवीन व्हर्जनची एपीके, म्हणजे ॲप इन्स्टॉल करायची फाईल, व्हॉट्सॲपवर येते, तुम्ही ती टाकायला जाता आणि 'ॲप नॉट इन्स्टॉल्ड' असा मेसेज येतो. मग कोणीतरी सांगतं की आधीचं काढ आणि नवीन टाक. थांबा तिथे! हा मेसेज फोनमध्ये जागा नसली तरी येतो, आणि नवीन एपीकेची डिजिटल सही जुन्या ॲपशी जुळत नसली तरी येतो. दुसरं कारण असेल तर जुनं काढल्याशिवाय नवीन बसणारच नाही, पण जुनं काढलं की आतलं सगळं जातं. म्हणून आधी पेंडिंग शून्य करा, मगच जुनं काढा. तसंच त्याच आयडीने दुसऱ्या फोनवर लॉगिन केलं की आपली रीडिंग तिकडे दिसतील असं कुणी समजू नका, ती पहिल्याच फोनमध्ये असतात. फोन पडून टच बंद झालाय पण स्क्रीन दिसतेय, तर ओटीजी पिन (यूएसबीची वस्तू फोनला जोडायची छोटी पिन) लावून कॉम्प्युटरचा साधा माऊस जोडा, बाण दिसतो, त्याने अपलोड दाबता येतं. स्क्रीनही गेली असेल तर डिस्प्ले बदलून घ्या आणि दुकानदाराला बजावून सांगा की रिसेट मारायचं नाही.

आता अडकतं का ते बघू. सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त वेळा नजरेतून सुटणारं कारण म्हणजे फोनची तारीख-वेळ. बॅटरी पूर्ण उतरून फोन बंद पडला होता किंवा कोणीतरी हाताने तारीख बदलली, की सर्व्हरशी सुरक्षित कनेक्शनच होत नाही, कारण सर्व्हरचं प्रमाणपत्र ठराविक तारखेपासून ठराविक तारखेपर्यंत चालतं आणि तुमच्या फोनच्या हिशोबाने ते अजून सुरू झालेलं नाही नाहीतर संपलंय. ॲप मात्र फक्त 'सर्व्हर एरर' नाहीतर 'नो इंटरनेट' दाखवतं आणि आपण सिम काढून-घालून बघत बसतो. व्हॉट्सॲप उघडा, तेही तारीख चुकीची आहे म्हणून ओरडत असेल तर कारण सापडलं. सेटिंगमध्ये तारीख-वेळ ऑटोमॅटिक ठेवा आणि तिला हात लावू नका. कालच्या तारखेत रीडिंग बसावं म्हणून तारीख मागे नेणाऱ्यांना तर माझं कळकळीचं सांगणं आहे की ते करूच नका, अपलोड तर अडकतंच, वर फोटोवरची वेळ आणि सर्व्हरची वेळ जुळत नाही म्हणून सगळ्या रूटवर शंका येते.

दुसरं कारण बॅटरी सेव्हर. अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, फोन खिशात गेला आणि स्क्रीन बंद झाली की बॅटरी वाचवायला मागे चालू असलेली कामं फोन रोखून धरतो. आणि काही कंपन्या त्याच्यापुढे जाऊन ॲप सरळ बंदच करतात. त्यामुळे तुम्हाला वाटतं की चालता-चालता अपलोड होतंय, प्रत्यक्षात खिशात गेल्यावर काहीच होत नाही. ॲप इन्फोमध्ये जाऊन बॅटरीला 'अनरिस्ट्रिक्टेड' करा, रेडमी-पोकोसारख्या फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट' वेगळं चालू करावं लागतं, आणि डेटा सेव्हर चालू असेल तर त्यात या ॲपला सूट द्या. रिसेंटमधून ॲप वर सरकवून फेकायची सवय असते ना, ती या ॲपपुरती तरी सोडा. आणि एवढं सगळं करूनही संध्याकाळी घरी गेल्यावर ॲप उघडं ठेवून, स्क्रीन चालू ठेवून पेंडिंग शून्य होईपर्यंत समोर ठेवाच.

तिसरं नेटवर्क. पाटण, जावळी, कोयनेच्या खोऱ्यातल्या वस्त्यांवर कांडी दिसते पण डेटा हलत नाही, हे तिकडे काम करणाऱ्याला सांगायला नको. पण फोटोची साइज किती फरक पाडते ते बघा. जिथे फोन टूजीवर येतो तिथे सेकंदाला साधारण १०० किलोबिट मिळतात असं धरू, तर १५० केबीचा फोटो १२ सेकंदांत जातो आणि ३ एमबीचा फोटो जायला ४ मिनिटं लागतात. ३०० मीटरचा रूट असेल तर गुणाकार तुम्हीच करा. म्हणून ॲपमध्ये फोटो कॉम्प्रेस करायचं सेटिंग असेल तर ते चालू आहे का बघा, आणि कॅमेऱ्यात ४८ मेगापिक्सेल वगैरे लावून ठेवू नका, मीटरचे आकडे वाचायला एवढं लागत नाही. डोंगरात अपलोडच्या मागे लागून बॅटरी संपवण्यापेक्षा ऑटो अपलोड तेवढा वेळ बंद ठेवून खाली फोर-जीत आल्यावर एकदम सोडलेलं बरं.

चौथं कारण मला सगळ्यात जास्त त्रासाचं वाटतं कारण ते दिसत नाही. पेंडिंग १४२ वर येऊन थांबतं, नेट चांगलं, तारीख बरोबर, तरी १४२ च. बरीच ॲप एकामागे एक अशी ओळीने रेकॉर्ड पाठवतात आणि पुढचं एक अडकलं की मागचे सगळे रांगेत उभे. ते एक का अडकतं तर बहुतेकदा त्याचा फोटो खराब असतो, म्हणजे फोनमधली जागा संपत आलेली असताना काढलेला, फाईल तयार झाली पण आत काहीच नाही. पेंडिंगच्या यादीत वेळेप्रमाणे सगळ्यात जुनं रेकॉर्ड उघडा, फोटो काळा नाहीतर कोरा दिसला तर हाच तो. एडिट मिळत असेल तर त्या मीटरवर परत जाऊन फोटो घ्या आणि सेव्ह करा, रांग सुटते. एडिट मिळत नसेल तर ऑफिसला ग्राहक क्रमांक देऊन ते एक रेकॉर्ड सोडवून घ्या. आणि व्हॉट्सॲपचं मीडिया ऑटो डाऊनलोड बंद करा, फोनमध्ये दोनेक जीबी मोकळी ठेवा, लग्नाचे व्हिडिओ आणि मीटरचे फोटो एकाच जागेसाठी भांडत असतात.

अजून एक, लॉगिनची मुदत. रात्री सेशन संपतं आणि ॲप वरून चालू दिसतं पण पाठवलेलं सर्व्हर घेत नाही. लॉगआउट करायच्या आधी मात्र ऑफिसला विचारा की या ॲपमध्ये लॉगआउट केल्यावर न गेलेली रीडिंग राहतात की जातात, कारण यात प्रत्येक ॲप वेगळं वागतं. तसंच सकाळी नवीन एमआर डाऊनलोड करायच्या आधी कालचं सगळं गेलंय ना ते बघा, काही ॲप नवीन यादी उतरवताना जुनी यादी पुसून टाकतात.

फोटो रिजेक्ट होण्याचं बघू आता. पोरं म्हणतात कॅमेरा खराब आहे, पण बऱ्याच वेळा अंतर चुकलेलं असतं. आकडे मोठे दिसावेत म्हणून फोन मीटरला चिकटवतात आणि साध्या फोनचा मुख्य कॅमेरा इतक्या जवळून फोकसच करू शकत नाही. वीतभर मागे या, दोन पट झूम करा, डिस्प्लेवर बोट टेकवून फोकस होऊ द्या आणि मग काढा. 'मॅक्रो' म्हणून जी वेगळी लेन्स स्वस्त फोनमध्ये येते ती बहुतेक वेळा दोन मेगापिक्सेलची असते, जिन्याखालच्या अंधारात ती कामाची नाही. फोन पावसासाठी प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला असेल तर फोटोपुरता बाहेर काढा, पिशवीतून काढलेला फोटो तुम्हाला बरा वाटतो पण ओसीआरला, म्हणजे फोटोतला आकडा आपोआप वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला, वाचता येत नाही.

फ्लॅशची चमक हा दुसरा भाग. मीटरच्या पारदर्शक कव्हरवर समोरून फ्लॅश मारला की बरोबर आकड्यांवर पांढरा गोळा येतो. फोन थोडा तिरका धरा किंवा फ्लॅश बंद करून बाजूने दुसऱ्या टॉर्चचा उजेड टाका. घरातल्या काकूंना नाहीतर पोराला सांगितलं तर ते टॉर्च धरतात, आणि त्यांच्यासमोर रीडिंग झालं की नंतरची तक्रारही कमी होते, हा वेगळा फायदा. मीटर उंचावर असेल तर खालून बघितल्यावर एलसीडीचे आकडे पुसट किंवा सगळेच काळे दिसतात, ते मीटर खराब म्हणून नाही तर एलसीडीला कोन चालत नाही म्हणून. सेल्फी स्टिक वापरा, फोन डिस्प्लेच्या समोर यायला पाहिजे. ओल्या भिंतीवरच्या लोखंडी पेटीला मात्र हात लावून वर चढू नका, करंट उतरलेला असू शकतो. आधी टेस्टर लावा, शंका आली तर तसा रिमार्क टाका आणि लाइनमनला कळवा.

डिस्प्ले आपोआप बदलत राहतो हे नवीन पोरांना लक्षात येत नाही. आधी सगळे आठ-आठ दिसतात तो फक्त डिस्प्ले तपासायचा स्क्रीन, मग मीटर नंबर, तारीख, वेळ, केडब्ल्यूएच (वापरलेले युनिट), एमडी (मॅक्झिमम डिमांड, म्हणजे सगळ्यात जास्त घेतलेला भार), व्होल्टेज असं मीटरप्रमाणे पुढे सरकतं. केडब्ल्यूएच अशी अक्षरं आकड्याच्या शेजारी दिसतात तोच फोटो पाहिजे, आणि त्याच फ्रेममध्ये मीटरवर छापलेला नंबर यायला पाहिजे. कमर्शियल आणि इंडस्ट्रियलमध्ये २० किलोवॅटच्या वरच्यांना १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर (वीज मोजायचं वेगळं माप) बिल लागतं, तिथे केव्हीएएच, केडब्ल्यूएच आणि एमडी असे वेगवेगळे फोटो लागतात. एमडीचा आकडा केडब्ल्यूएचच्या जागी गेला तर पुढे ती दुरुस्ती करताना सगळ्यांचाच जीव जातो.

लाइट गेलेली असताना डिस्प्ले बंद दिसला म्हणून लगेच फॉल्टी टाकू नका. बऱ्याच मीटरमध्ये आत बॅटरी असते, पुश बटण दाबलं की थोडा वेळ डिस्प्ले येतो. बटण दाबूनही आला नाही तर लाइट आल्यावर त्या गल्लीत परत जा. फॉल्टी एकदा पडलं की ग्राहकाला मीटर बदलेपर्यंत सरासरीवर राहावं लागतं, आणि त्याचा मीटर धडधाकट असताना हे होणं मला तरी अजिबात पटत नाही.

ओसीआरने आपोआप भरलेला आकडा डोळ्यांनी वाचल्याशिवाय ओके करायचा नाही. सात पट्ट्यांच्या डिजिटल आकड्यात एक पट्टी पुसट असली की ८ चा ० होतो, ५ आणि ६, १ आणि ७ यांची अदलाबदल होते, आणि दशांश टिंब तर वारंवार सुटतं. जुन्या चाकाच्या मीटरमध्ये शेवटचं वेगळ्या रंगाचं चाक म्हणजे दशांश असतं, ४५२३.७ चं ४५२३७ झालं की बिल लाखात जातं. ॲप 'हाय कन्झम्प्शन' म्हणून विचारतं तेव्हा घाईत 'येस' दाबलं जातं, त्या प्रश्नाला तरी थांबा आणि मीटरकडे परत बघा.

'करंट रीडिंग मागच्यापेक्षा कमी आहे' असं म्हणून ॲप पुढे जाऊ देत नाही, यावर लोक काय करतात तर मागच्या रीडिंगमध्ये थोडे युनिट मिळवून अंदाजे आकडा टाकतात आणि नॉर्मल करतात. हे तर अजिबात नको. एक उदाहरण देतो. घरगुती ग्राहकाचे महिन्याला खरे १०० युनिट होतात. तुम्ही या महिन्याला अंदाजे ४० टाकले, तर पुढच्या महिन्याला खऱ्या रीडिंगला १६० निघणार, आणि त्यातले ६० युनिट १०१ ते ३०० च्या वरच्या स्लॅबच्या दराने लागणार. खरं रीडिंग वेळेवर गेलं असतं तर दोन्ही महिने तो पहिल्या स्लॅबमध्येच राहिला असता. रीडिंग मिळालंच नाही असं स्टेटस गेलं असतं तरी पुढच्या बिलात स्लॅब महिन्यांप्रमाणे वाटून मिळतो, पण तुम्ही नॉर्मल टाकल्यामुळे सिस्टीमच्या दृष्टीने सगळं ठीक आहे, मग तो फायदा मिळत नाही.

रीडिंग कमी यायची कारणं मोजकीच असतात. मागच्या महिन्याचं चुकलेलं असेल, तर ॲपमध्ये मागचा फोटो दिसत असल्यास तो उघडा, लगेच कळतं. मीटर बदललाय पण बदलल्याचा रिपोर्ट सिस्टीममध्ये चढलेला नाही, तर मीटरवरचा नंबर ॲपमधल्या नंबराशी जुळणार नाही, अशा वेळी नवीन मीटरचा नंबर, मेक आणि रीडिंगचा फोटो घेऊन 'मीटर नंबर मिसमॅच' टाका. मीटरचा फेरा पूर्ण झाला असेल, म्हणजे ९९९९९ च्या पुढे ०००००, तर त्यासाठी ॲपमध्ये वेगळा पर्याय असतो. आणि चौथं, अपार्टमेंटच्या पॅनलमध्ये दोन फ्लॅटचे मीटर एकमेकांच्या नावावर गेलेले असतात.

या शेवटच्यासाठी एक साधी तपासणी सांगतो. मीटरवर लाल एलईडी लुकलुकतो आणि शेजारी ३२०० इम्प/केडब्ल्यूएच असा काहीतरी आकडा छापलेला असतो, म्हणजे एक युनिट झालं की ३२०० वेळा लुकलुकणार. फ्लॅटवाल्या दादांना सांगा की सगळं बंद करून फक्त हजार वॅटची इस्त्री लावा. ३२०० च्या मीटरचा एलईडी मग साधारण सव्वा सेकंदाच्या आत एकदा लुकलुकायला पाहिजे. इस्त्री तापून आपोआप बंद झाली की लुकलुकणं जवळजवळ थांबतं. या फ्लॅटची इस्त्री आणि शेजारच्या मीटरचा एलईडी अशी जोडी दिसली तर मीटर उलटेच लागलेत, तसा रिपोर्ट द्या. वायर किंवा सील मात्र स्वतः हलवायचं नाही, वीज कायदा २००३ च्या कलम १३८ मध्ये मीटरशी छेडछाड हा गुन्हा आहे आणि आपल्यालाही त्यात सूट नाही.

सोलरवाल्यांकडे जास्त लक्ष द्या, २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून छपरावर पॅनल असलेली घरं आमच्याकडे बरीच दिसायला लागलीत. तिथे नेट मीटर असतो, त्यात इम्पोर्ट (ग्रीडकडून घेतलेली वीज) वेगळं आणि एक्सपोर्ट (ग्रीडला दिलेली वीज) वेगळं, आणि शेजारी जनरेशनचा मीटरही असू शकतो. दोन आकड्यांची अदलाबदल झाली तर ज्याने ग्रीडला वीज दिली त्यालाच ती वापरली म्हणून बिल जातं. डिस्प्लेवर आयएमपी आणि ईएक्सपी असं किंवा बाणाची खूण असते, ती फोटोत आलीच पाहिजे.

लोकेशनची तक्रार पावसाळ्यात आणि जुन्या वाड्यांमध्ये जास्त. 'लोकेशन मिळत नाही' किंवा 'तुम्ही ग्राहकाच्या जागेपासून लांब आहात'. जीपीएसला आकाश लागतं, जिन्याखालच्या मीटर रूममध्ये ते मिळणार नाही, म्हणून गेटवर उभं राहून लोकेशन लॉक होऊ द्या आणि मग आत जा. बॅटरी वाचवायला डेटा बंद ठेवणाऱ्यांना लोकेशन उशिरा मिळतं, कारण नेट असलं की उपग्रह कुठे आहेत ती माहिती फोन नेटवरून पटकन घेतो. नेट नसेल तर ती उपग्रहाकडूनच उतरवावी लागते, तिथे सगळ्या उपग्रहांची पूर्ण यादी यायला साडेबारा मिनिटं लागतात आणि दिसणाऱ्या एका उपग्रहाची तेवढी माहिती ३० सेकंदांनी परत येते. मोकळ्या जागेत मिनिटभर उभं राहिलं तर काम होतं, भिंतीच्या आड ते तुटत राहतं. अँड्रॉइड १२ पासून परवानगीत 'प्रिसाइज' वेगळं असतं, ते बंद असेल तर फोन मुद्दाम अंदाजे जागा देतो आणि ॲप तुम्हाला लांब दाखवतं, हे नक्की बघा. ग्राहकाचं जुनं लोकेशनच चुकीचं नोंदलेलं असेल तर ते ऑफिसकडून दुरुस्त करून घ्या, फेक लोकेशनचं ॲप टाकून वेळ मारून नेऊ नका. ते पकडलं गेलं की त्या दिवशीची खरी रीडिंगही खोटी ठरतात.

उन्हाळ्यात फोन तापला की स्क्रीन आपोआप मंद होते, फ्लॅश बंद होतो, कधी कॅमेराच उघडत नाही. बॅटरी १५ टक्क्यांच्या आसपास आली तरी बऱ्याच फोनचा फ्लॅश बंद पडतो. त्यामुळे रूट ठरवताना अंधाऱ्या मीटर रूम आणि जिन्याखालचे मीटर सकाळी आधी उरका, फोन थंड असतो, बॅटरी भरलेली असते, आणि उघड्यावरची घरं दुपारनंतर घ्या. सिक्वेन्सप्रमाणेच जायचं बंधन असेल तर सुपरवायझरशी बोला. सिक्वेन्स बदलून मिळतो, फक्त कोणी मागत नाही. पॉवर बँकने चार्ज करत-करत उन्हात रीडिंग घेतलं तर फोन अजून तापतो, सावलीत बसून जेवताना चार्ज करा.

ज्यांच्याकडे ऑप्टिकल प्रोब आहे, म्हणजे मीटरच्या पोर्टला चुंबकाने चिकटवून थेट डेटा घेतात, त्यांची अडचण वेगळी. 'मीटर नॉट रिस्पॉन्डिंग' आलं की आधी प्रोब सरळ बसलाय का बघा, वायर खाली लोंबती राहिली पाहिजे, तिरका बसला तर इन्फ्रारेड पोचत नाही. पोर्टवरची धूळ कापडाने पुसा, उन्हात असेल तर हाताने सावली करा. ओटीजीने जोडत असाल तर ओपो, रिअलमी, वनप्लससारख्या फोनमध्ये ओटीजी सेटिंगमध्ये जाऊन वेगळं चालू करावं लागतं, आणि दहा मिनिटं वापर नसला की ते आपोआप बंद होतं. एका मीटरवरून दुसऱ्यावर चालत जाईपर्यंत तेवढा वेळ जातो, म्हणून पहिला मीटर चालतो आणि दुसरा चालत नाही असं वाटतं. ब्लूटूथचा प्रोब असेल आणि तो यादीतच दिसत नसेल तर अँड्रॉइड ११ पर्यंतच्या फोनला लोकेशन चालू पाहिजे, १२ पासून 'निअरबाय डिव्हायसेस'ची परवानगी पाहिजे.

एवढं बघूनही सुटलं नाही तर हेल्पडेस्कला नुसतं "ॲप चालत नाही" असं लिहू नका, त्यावरून तिकडच्या माणसाला काहीच कळत नाही. फोनचं मॉडेल, अँड्रॉइडचं व्हर्जन, ॲपचं व्हर्जन, बीयू (बिलिंग युनिट) आणि एमआर नंबर, पेंडिंग किती, एरर किती वाजता आली, आणि एररचा पूर्ण स्क्रीनशॉट ज्यात वरची नेटवर्कची पट्टी आणि घड्याळ दिसतंय, हे सगळं एकाच मेसेजमध्ये टाका. एरर ज्या ग्राहकाच्या रीडिंगला आली त्याचा ग्राहक क्रमांकही द्या, आणि तोच एरर दुसऱ्या पोराच्या फोनवर त्याच एमआरला येतोय का ते विचारून लिहा. दोन्हीकडे येत असेल तर बहुतेक सर्व्हर नाहीतर डाऊनलोड केलेली यादी चुकलीये, तुमच्या एकट्याच्याच फोनवर येत असेल तर वर लिहिलेल्यातलंच काहीतरी राहिलंय. ग्राहक क्रमांक आणि फोटो मात्र ग्रुपवर टाकू नका, थेट हेल्पडेस्कला पाठवा, ती लोकांच्या घरची माहिती आहे.